फीवर गावचे पाळणाघर चालत नाही

गावागावांतल्या छोट्या बालवाड्या आणि पाळणाघरे बंद पडतात, कारण ती चालवणाऱ्या संस्थांना पैशांचे नियोजन जमत नाही. देणगीची सवय लागली की स्वतःच्या पायावर उभे राहण्याची इच्छाच मरते. पालकांकडून फी घ्या, मोठ्या संस्थांत विलीन व्हा, नाहीतर अंगणवाडी आहेच, तिच्यावर मुले सोपवून मोकळे व्हा. हे मत पुण्यात हल्ली फार ठामपणे मांडले जाते. विश्वस्त मंडळांच्या बैठकांत ते ऐकू येते, कंपन्यांच्या सीएसआर विभागांत ऐकू येते, आणि निवृत्तीनंतर समाजकार्याकडे वळलेल्या हुशार, सज्जन माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे मत चुकीचे आहे, आणि त्याची किंमत दोन-तीन वर्षांची मुले मोजतात. म्हणून त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे.

आधी फीचे बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

पंचवीस मुलांचे एक पाळणाघर धरा. एक ताई, एक मदतनीस. ताईला महिन्याला दहा हजार आणि मदतनिसाला सात हजार द्यायचे म्हटले तर सतरा हजार झाले. आजच्या महागाईत ही रक्कम कोणालाही उदार वाटणार नाही. मुलांना दिवसभर ठेवायचे तर जेवण आणि खाऊ द्यावा लागतो. डोई वीस रुपये धरले आणि महिन्याचे २६ दिवस, तर तेरा हजार. खोलीचे भाडे, गॅस, वीज, साबण, फिनेल, प्रथमोपचाराची पेटी, फाटलेल्या सतरंज्या बदलणे यांना चार हजार. एकूण चौतीस हजार, म्हणजे एका मुलामागे १,३६० रुपये. यात संस्थेच्या कार्यालयाचा, पर्यवेक्षकाच्या एसटीभाड्याचा, लेखापरीक्षणाचा एक पैसाही धरलेला नाही.

आता ही फी देणारी आई कोण ते पाहा. ती जुन्नर-आंबेगावात टोमॅटोच्या तोडणीला जाते, खेड-शिरूरला कांद्याच्या लागणीला आणि खुरपणीला जाते. रोज तीनशे रुपये धरला आणि महिन्यातून वीस दिवस काम मिळाले, तर तिच्या हातात सहा हजार येतात. पावसाळ्याच्या आधी काम आटते तेव्हा तेवढेही नाहीत. तिची दोन मुले पाळणाघरात असतील तर २,७२० रुपये फी झाली. म्हणजे जवळजवळ निम्मी मजुरी. असा व्यवहार कोणती आई करील? ती मुलाला फडक्यात गुंडाळून बांधावर झोपवील, किंवा सात वर्षांच्या थोरलीला शाळेतून घरी बसवून धाकट्याला तिच्या कडेवर देईल. तसेच घडते आहे. ज्यांना ‘फी घ्या’ हे सोपे उत्तर वाटते त्यांनी आधी या मजुरीची बेरीज करावी आणि मग फीचा आकडा सांगावा.

फीचा हा प्रयोग कोणी केलाच नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत शुल्क होते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २० रुपये, १२ हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १०० आणि त्यावर २००. म्हणजे सरकारलाही कळत होते की गरीब आई वीस रुपयांपेक्षा जास्त देऊ शकणार नाही. पंचवीसही मुले त्या गटातली असली तर महिन्याला जमतात पाचशे रुपये. त्याच योजनेत सेविकेचे मानधन ३,००० आणि मदतनिसाचे १,५०० होते. साडेसात तास पाळणाघर उघडे ठेवायचे, महिन्याला २६ दिवस, आणि पंचवीस मुले सांभाळणाऱ्या बाईच्या हातात रोज सव्वाशे रुपयेही पडायचे नाहीत. ती त्याच दिवशी खुरपायला गेली असती तर याच्या दुपटीहून जास्त कमावून आली असती.

आणि त्यावर संस्थेचा वाटा. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेचा खर्च ६०:३०:१० असा वाटला गेला. साठ टक्के केंद्र, तीस टक्के राज्य आणि दहा टक्के संस्था. वाचताना दहा टक्के किरकोळ वाटतात. ज्या संस्थेकडे ना जमीन, ना ठेवी, ना मोठा देणगीदार, तिला ते दरमहा कुठून तरी उभे करावे लागतात. त्यातही उरलेले नव्वद टक्के वेळेवर आले तर ठीक. अनुदान महिनोनमहिने रखडते तेव्हा गावच्या किराणा दुकानात ताईच्या नावावर उधारी चढते. संस्थेची पत संपते ती इथे. देशभर एके काळी वीस हजारांहून जास्त असलेली या योजनेतली पाळणाघरे २०१९-२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आत आली. इतक्या थोड्या वर्षांत इतक्या हजारो बायका एकाएकी अकार्यक्षम झाल्या, असे म्हणायचे आहे का? पैसे पुरवण्याची पद्धतच मोडकी होती, हेच या घसरणीतून दिसते.

दुसरा आक्षेप अंगणवाडीचा. अंगणवाडी आहे तर वेगळे पाळणाघर कशाला, ही दुहेरी सोय नाही का?

नाही. अंगणवाडी दिवसाला चार-पाच तास चालते. शेतमजूर बाई सकाळी घर सोडते ती दिवस कलताना परतते. मधले तास कोणी सांभाळायचे? शिवाय अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीकडून घरी न्यायचा शिधा मिळतो, तिथे त्याला दिवसभर ठेवायची सोय नाही. नेमके याच वयात मूल रांगते, चालायला लागते, दिसेल ते तोंडात घालते, आणि याच वयात कुपोषण घट्ट बसते. शिध्याचे पाकीट घरी पोचले तरी ते शिजवून दिवसातून तीन-चारदा भरवायला घरी माणूस लागते. ते माणूस शेतावर असते.

अंगणवाडीच्या ताईवरचा बोजाही लक्षात घ्या. तिच्याकडे वजन-उंचीच्या नोंदी आहेत, २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲप आहे, गरोदर बायकांच्या भेटी आहेत, सर्वेक्षणे आहेत, मतदार याद्यांची कामे आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनेच भरले. केंद्राच्या योजनेत तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये, २०१८ च्या ऑक्टोबरात ठरलेले. मुलांच्या पूरक आहाराचा दर रोज आठ रुपये, २०१७ मध्ये ठरलेला. त्यानंतर गॅस आणि डाळ किती महागली हे वाचकाला सांगायची गरज नाही. राज्याने मानधनात वेळोवेळी भर घातली हे मान्य केले पाहिजे. २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५०० झाले. पण तेही पुरेना, म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या दोन लाखांच्या आसपास सेविका-मदतनीस संपावर गेल्या. तो संप ५२ दिवस चालला. पुढच्या वर्षी मानधन पुन्हा वाढले.

ही हकीकत मी एका कारणासाठी सांगतो. तिजोरीत पैसे नाहीत असे सांगितले जात असतानाच ते निघाले. निघाले, कारण अंगणवाडीच्या बायकांची संघटना आहे, त्या रस्त्यावर उतरू शकतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तोही न्यायालयापर्यंत लढा नेला म्हणून. वाडीवरच्या एका खोलीत बालवाडी चालवणाऱ्या ताईमागे अशी संघटना नाही. तिची बालवाडी बंद झाली तर मोर्चा निघत नाही, बातमी येत नाही. तिच्या गप्प बसण्यावरून तिची गरज नव्हती असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे.

आता पाळणाघरे अंगणवाडीलाच जोडायचे ठरले आहे. केंद्राच्या मिशन शक्तीखाली २०२२ पासून जुन्या योजनेचे नाव ‘पाळणा’ झाले आणि देशात १७ हजार अंगणवाडी-कम-पाळणाघरे काढायचे लक्ष्य ठेवले गेले. महाराष्ट्राने पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रांना मंजुरी दिली. मी या निर्णयाचे स्वागत करतो. पण राज्यात अंगणवाड्या आहेत १ लाख १० हजारांच्या घरात. म्हणजे हजार अंगणवाड्यांमागे तीन. आणि तिथल्या पाळणा सेविकेला मानधन ५,५००, मदतनिसाला ३,०००. जुन्या योजनेतली चूक थोड्या मोठ्या आकड्यात पुन्हा केली जाते आहे. इतक्या पैशांत शिकलेली, जबाबदार बाई टिकत नाही. ती टिकली नाही की पाळणाघर टिकत नाही, कारण वर्षाच्या मुलाला दर सहा महिन्यांनी नवी ताई चालत नाही.

आजी असते ना घरी, असेही म्हणतात. असते. पण मजुराच्या घरातली पन्नाशीची आजीही मजुरीलाच जाते. ज्या घरात आजी खरोखर घरी असते तिथे ती बहुधा थकलेली किंवा आजारी असते. यावर जास्त लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

मोठ्या संस्थांत विलीन व्हा, हा सल्ला मात्र जास्त धोक्याचा आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. पाळणाघर हे आईच्या कामापासून हाकेच्या अंतरावर असावे लागते. भोर, मुळशी, वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांत, धनगरवाड्यांत एका गावच्या नावाखाली चार डोंगरसोंडांवर विखुरलेली घरे असतात. तालुक्याच्या गावी शंभर मुलांचे सुंदर केंद्र काढले तर वाडीवरचे मूल तिथे कसे पोचणार? इथे लहान असणे ही संस्थेची दुर्बलता नाही, ती कामाची गरज आहे. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखले होते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. पुढे कोसबाडच्या टेकडीवरून त्यांनी तो आदिवासी पाड्यांत रुजवला. देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी. ज्या छोट्या कामातून सरकारने धडे घ्यावेत तेच काम छोटे म्हणून निकामी ठरवायचे, हे उलटे आहे.

पुण्याला तर हे वेगळे सांगायला नको. निर्मलाताई पुरंदरे यांनी १९८१ मध्ये याच शहरात वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र सुरू केले. शहरातल्या शिक्षिका गावात पाठवण्याऐवजी गावातल्याच मुलींना, सुनांना बालवाडीचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्याच गावात बालवाडी चालवायची, ही त्यामागची दृष्टी. घराबाहेर कधी न पडलेली बाई काही महिन्यांनी गावच्या मुलांची ताई होते, हा बदल पाहिलेली माणसे पुण्यात आजही आहेत. निर्मलाताई २०१९ मध्ये गेल्या. त्यांचे काम आदराने आठवणाऱ्या शहराने, तशा कामाला दरमहा पगार कोठून येणार हा प्रश्न टाळू नये.

मग सीएसआर आहे की, असे उत्तर येते. कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे, आणि पुणे तर कारखान्यांचा जिल्हा. हा पैसा खरा आहे, त्याने चांगली कामेही झाली आहेत. पण तो कसा येतो ते पाहा. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, त्यामुळे तो चाकण-रांजणगावच्या आसपास जास्त घुटमळतो. वेल्ह्याच्या टोकाला कारखाना नाही, म्हणून तिथल्या मुलाच्या वाट्याला तो क्वचित येतो. तो एका वर्षासाठी येतो, फार तर तीन. आणि त्याला दिसणाऱ्या वस्तू आवडतात: रंगवलेली भिंत, टीव्ही, खेळण्यांचा संच, पाण्याचे यंत्र. ताईच्या पगाराचे नाव काढले की पगार ‘आवर्ती खर्च’ म्हणून बाजूला पडतो. बालसंगोपनात मात्र पगार हाच मुख्य खर्च असतो, कारण मूल सांभाळते ते माणूस. रंगवलेल्या भिंतीच्या आत ताई नसेल तर ती नुसती खोली आहे.

परदेशी देणगीचा मार्गही अरुंद झाला. पूर्वी पुण्या-मुंबईतली नोंदणीकृत मोठी संस्था परदेशी मदत घेऊन गावातल्या लहान संस्थांना त्यातला वाटा देऊ शकत असे. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने असे हस्तांतर पूर्ण बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखावेत यावर कोणाचेच दुमत नाही. पण त्या बंधनाचा सर्वांत मोठा फटका बसला तो स्वतःची परदेशी देणगीची नोंदणी नसलेल्या, दहा-बारा बालवाड्या चालवणाऱ्या संस्थांना. त्यांचे कोणतेही पाप त्यात नव्हते.

तेव्हा पैसे द्यायचे कोणी? माझे उत्तर सरळ आहे: सरकारने आणि पंचायतीने. गावची शाळा फीवर चालावी असे आपण म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राने खर्च रुग्णांकडून वसूल करावा असेही म्हणत नाही. मग त्याच गावातल्या दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा नियम का बदलतो? तो बदलतो, कारण मूल सांभाळणे हे बाईचे काम, आणि बाईचे काम फुकट, ही समजूत आपल्या अंदाजपत्रकांत खोल बसली आहे. ‘पगार’ न म्हणता ‘मानधन’ म्हणण्याची सोयही तिच्यातूनच आली.

परवडेल का? वर मांडलेल्या हिशेबाने एका पाळणाघराचा वर्षाचा खर्च ४ लाख ८ हजार होतो. दहा हजार पाळणाघरांचा ४०८ कोटी. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत, म्हणजे दर तीन पंचायतींमागे एकाहून जास्त पाळणाघर होते आणि अडीच लाख मुलांची सोय होते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिचा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला होता. ४०८ कोटी म्हणजे त्याच्या एक टक्काही नाही. बाईच्या खात्यात दीड हजार रुपये जावेत याला माझा विरोध नाही. गरीब घरात त्या पैशाची किंमत मोठी आहे. पण दीड हजारांत ती मूल सांभाळायची सोय विकत घेऊ शकत नाही, कारण तिच्या वाडीवर ती सोयच नाही. रोख रक्कम आणि पाळणाघर यांतले एक निवडा असे तिला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ऊसतोडीचा पैसा तर पुण्यातूनच हलतो. शिवाजीनगरच्या साखर संकुलातून राज्याच्या गाळपाचा कारभार चालतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. हंगामात दहा कोटी टन गाळप झाले तर दोन्ही मिळून दोनशे कोटी होतात. बीड, अहिल्यानगरच्या टोळ्या बारामती, जुन्नर, आंबेगावच्या फडांवर येतात तेव्हा पाठीला तान्ही मुले असतात. पहाटेच्या अंधारात नवरा-बायकोचा कोयता फडात उतरतो आणि मूल कोपीत किंवा उसाच्या सरीत राहते. मोठ्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. सहा वर्षांखालचे मूल तिथे राहू शकत नाही. फडांजवळ सहा महिन्यांची एक हजार पाळणाघरे चालवायला याच हिशेबाने वीस कोटींच्या आसपास लागतील, म्हणजे त्या निधीचा दहावा हिस्सा.

हा उसाचा पट्टाच बिबट्याचा पट्टा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुले दगावली आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. पिंजरे लागले, नसबंदीची चर्चा झाली, ते सगळे आवश्यकच आहे. पाळणाघर काढले की हे हल्ले थांबतील असा माझा दावा नाही. पण आईबाप रानात असताना लहान मूल चार भिंतींच्या आत, जाणत्या माणसाच्या नजरेसमोर असावे, ही मागणी त्या चर्चेत ऐकू आली नाही याचे मला दुःख आहे.

आणि एक निधी असा आहे की त्यासाठी मंत्रालयाचा उंबरठाही झिजवावा लागत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो; जिल्हा परिषदेच्या स्वनिधीलाही तोच दंडक आहे. चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात कारखान्यांच्या कराने पंचायतींचे उत्पन्न मोठे आहे. कर्नाटकाने ‘कूसिन मने’ या नावाने पंचायत पातळीवर पाळणाघरे काढून दाखवली, त्यासाठी रोजगार हमीशी जोडही घातली. महाराष्ट्र तर रोजगार हमीचे माहेरघर. हमीच्या कामावर पाच लहान मुले असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, ही तरतूद आपल्याकडे जुनी आहे. पंचायतीच्या दहा टक्क्यांतून अनेक ठिकाणी एकदाच्या वस्तू वाटल्या जातात. त्यातून एका ताईचा बारा महिन्यांचा पगार ठरवून देता येतो, आणि तो महिन्याच्या पाच तारखेला देता येतो.

गावात बालवाडी किंवा पाळणाघर चालवणाऱ्या संस्थांना हिशेब विचारा, जरूर विचारा. मुलांची वजने पाहा, हजेरी पाहा, पावत्या तपासा. पण ‘स्वावलंबी व्हा’ असे त्यांना सांगू नका. पुण्यात राहणाऱ्या ज्या वाचकांचे मतदान, घर किंवा जमीन अजून गावाकडे आहे, त्यांना माझी विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. पुढच्या ग्रामसभेला जा, महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचा गेल्या वर्षीचा खर्च वाचून दाखवायला सांगा, आणि त्यात पाळणाघराच्या ताईच्या पगाराची ओळ घालायचा ठराव मांडा.